जाणाऱ्यावर एक वार

३ सप्टेंबर २०२५, बुधवार

पिसो भट आज खेळात परत मरता मरता वाचला! साईशने वेळेवर तोंडात काढा ओतला म्हणून, नाहीतर गेलाच होता. आणि चूक कोणती? तीच! जून महिन्यापासून तीच ती!

राक्षस दोन. एक डावीकडे, एक उजवीकडे, मधे भिकाजीचा पिसो भट — नेसूचं धोतर, हातात पोथी, जीव उंदराएवढा. भिकाजीची पाळी आली. म्हणतो, "मी आता हयसून चललंय." अरे चल ना बाबा, पण सांभाळून मागे सर! सगळी पाळी मागे सरण्यात घालवली की कुणी हात लावू शकत नाही. हा काय करतो — सरळ पाठ फिरवतो आणि डिचोलीच्या बाजाराला निघाल्यासारखा चालू लागतो. मग काय, माझ्या दोन्ही राक्षसांना पाळी नसताना एकेक फुकटचा वार. फासे टाकले. दोन्ही लागले.

"टीचर, ह्यो अन्याय आसा. त्यांची पाळी खय होती?"

परत समजावलं. फळ्यासमोर उभी असल्यासारखं. लढाईत ज्याने त्याने आपल्या पाळीला मारायचं, बरोबर? पण समोरचा आपल्या हाताच्या टप्प्यातून बेसावध बाहेर पडत असेल तर त्या क्षणी, पाळी नसली तरी, एक वार करता येतो. येणाऱ्यावर नाही. शेजारी घुटमळणाऱ्यावर नाही. फक्त जाणाऱ्यावर. एका फेरीत एकदाच. आणि तिथल्या तिथे तोंडाने "वार!" म्हणायला हवं — पुढच्याने फासा उचलला की संधी गेली, मग कितीही रडा.

(वहीलाही समजावतेय. एकवीस वर्षं गणित शिकवून माणूस असं होतं.)

तो हनुवटी तळहातावर टेकून ऐकत होता. कळलं का विचारलं तर म्हणे, "थोडा थोडा कळला. परत एकदा सांगशात?"

आणि मी परत सांगितलं! पिसं त्याच्या भटाला नाही, मला लागलंय.

४ सप्टेंबर

नववी ब. समांतर रेषा शिकवताना तोंडातून निघालं, "या दोघी एकमेकींच्या टप्प्यातच येत नाहीत, म्हणून वार नाही." वर्ग हसून लोळला. मीपण.

६ सप्टेंबर, शनिवार

गणपती गेले. नेवऱ्या अजून डब्यात आहेत, बुधवारपर्यंत टिकवायच्या आहेत. कुणासाठी ते लिहीत नाही.

बरं, लिहिते. वहीशी कसली लाज!

हा खेळ आणला ऋतिकाने. माझ्या भावाची मुलगी — भाऊ-वहिनी मस्कतला, ती माझ्याकडे, डिचोलीच्या औषध कंपनीत नोकरीला. तिने पुण्याहून जाडजूड पुस्तक मागवलं आणि वाचलं मात्र कुणी नाही. मी वाचलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, पेन्सिलने खुणा करत. म्हणून खेळ चालवायचा मी — राक्षस मी, वादळ मी, गावची माणसं मी. खेळायला ऋतिका, तिरंदाजबाई होऊन, आणि साईश, बैरागी होऊन. साईश म्हणजे मेडिकलवाला, माझाच जुना विद्यार्थी, आता सव्वीस वर्षांचा झाला तरी "टीचर, हें चलचें ना!" म्हणून भांडतो. आमच्या मये गावच्या घरी, सोप्यावरच्या मेजावर चौकोन आखलेला कागद, राक्षस म्हणून काजूच्या बिया, आपली माणसं म्हणून शर्टाची बटणं, आणि पाऊस.

जूनमध्ये एका बुधवारी आनंदीच्या गाड्यावरून मिरचीभजी मागवली होती. घेऊन आला तिचा भाऊ. हा भिकाजी! पेडण्याकडचा, दशावतारी. तुळशीच्या लग्नापासून मे महिन्यापर्यंत रोज नव्या गावात राक्षसपार्ट करायचा, पावसाळ्यात बहिणीकडे डिचोलीला येऊन गणपती रंगवायचे. भज्यांची पुडी हातात धरून दारात उभा राहिला. मी त्या वेळी राक्षस होऊन ओरडत होते. त्याने ऐकलं, ऐकलं, आणि म्हणाला, "टीचर, रागावू नकात. पण राक्षस असो बोलणा नाय."

मी म्हटलं, मग कसा बोलतो?

त्याने पुडी खाली ठेवली. एक पाय मागे घेतला, छाती भरली आणि — देवा रे! शेजारच्यांची गुरं दावं तोडायला आली. साईशचा चहा सांडला. ऋतिका टाळ्या पिटत नाचायला लागली. मी मात्र चिडले. माझ्या घरात येऊन मला शिकवतो? म्हटलं, एवढं येतं तर बस आणि खेळ.

बसला. वाटलं, राजा घेईल नाहीतर राक्षस. तर म्हणे, "जन्मभर राक्षस केला. माका आता भियाणारो कोण तरी करूचो आसा." असा पिसो भट जन्मला.

मी त्रेचाळीस वर्षांची आहे. बाबांच्या आजारपणात लग्नाची वर्षं गेली, नंतर कुणी विचारलं नाही, आणि मला त्याचं काही वाटतही नव्हतं. जूनपर्यंत.

१० सप्टेंबर, बुधवार

आज हसून हसून पोट दुखतंय, अक्षर बघा!

भिकाजीने नवा नियम मागितला. म्हणाला, "आमच्या नाटकात राजा बोलता तवसर राक्षस तलवार उगारीत नाय. एकाचा बोलणा पुरा होऊचा, पखवाजार थाप पडूची, मगे युद्ध. हय मात्र मी बोलतंय आणि कुत्रे माका चावतत!" मागणी काय — जो बोलत असेल त्याच्यावर फुकटचा वार नाही.

साईश उठून उभाच राहिला. "पुस्तकात ना तें!" ऋतिका म्हणाली, पुस्तकात भज्यांचाही नियम नाही. मी विचार केला. खेळ चालवणारीला तेवढा अधिकार असतो. म्हटलं, ठीक, आजच्यापुरतं बघू.

आणि मग! तीन रानकुत्रे. पिसो भट मधोमध. भिकाजीने घसा खाकरला. "हे श्वानांनो..." म्हणून जे सुरू केलं — कुत्र्यांचं कुळ काढलं, आपल्या मेलेल्या आजोबांची आठवण काढली, मये तळ्याचं वर्णन केलं, तिथल्या बगळ्यांना नावं दिली — आणि बोलता बोलता कागदावर बटण पुढे सरकवत सरकवत तिन्ही कुत्र्यांच्या नाकासमोरून पसार! एक ओरखडा नाही! काजूच्या तीन बिया नुसत्या बघत बसल्या.

साईश: "टीचर! ही पार्शलिटी!"

खरं होतं ते. मी तोंड पदरात घालून हसत होते, न्याय कसला करणार! शेवटी ठरवलं — बोलायचं ते एका श्वासात. श्वास तुटला की वार. साईशचं समाधान झालं.

बिचारा साईश! दशावतारी माणसाचा श्वास! पुढच्या पाळीला भिकाजी बोलत बोलत खुर्चीवरून उठला, अंगणात गेला, तुळशीला फेरी मारून परत येऊन बसला, आणि वाक्य चालूच. आम्ही तिघं तोंड वासून. मग म्हणाला, "आता घेतंय हं श्वास."

नेवऱ्या पाच खाल्ल्या त्याने.

१४ सप्टेंबर, रविवार

बाजारात आनंदीच्या गाड्यावर थांबले. काही घ्यायचं नव्हतं, नुसती उभी. तिने कढईतून झारा काढला आणि म्हणाली, "जानकी, एक गोष्ट सांगूची होती. भिकूक स्थळ इला. आमोण्यासून."

बाई अंगणवाडीत आहे. चाळीस वर्षांची, शांत. नदीकाठी घर, नारळ, शेत. तिच्या भावाने याचं नाटक बघितलंय, त्यांना सगळं पसंत. तुळशीचं लग्न झालं की याची कंपनी बाहेर पडणार, त्याच्या आत होकार हवा.

मी म्हटलं, छान.

"पण तो काय बोलणाच नाय! तू तेका समजाव गो. तुझा ऐकता तो."

मी म्हटलं, हो, समजावते.

हो म्हटलं मी!! माझ्या तोंडाने! भजी घेतली, पैसे द्यायला विसरले, अर्ध्या रस्त्यातून परत गेले. आता इथे बसून दात ओठ खातेय. रडू येत नाहीये, राग येतोय. आमोण्याला म्हणे नारळ. नारळ काय आमच्याकडे नाहीत?

१५ सप्टेंबर

लिहूनच टाकते, म्हणजे एकदाचं स्वच्छ होईल. मला भिकाजी हवा आहे. त्याच्या हसण्यासकट, घोरत असेल तर घोरण्यासकट, वर्षातले सहा महिने रात्री घराबाहेर राहण्यासकट. हवा म्हणजे हवा.

बापरे. लिहिलं की.

१७ सप्टेंबर, बुधवार

संधी आली होती. आली, समोर येऊन बसली आणि गेली.

साईश उशिरा येणार होता. ऋतिका आत पोळे भाजत होती, तव्याचा चर्र आवाज, मधला दरवाजा ओढलेला. सोप्यावर तो आणि मी. पाऊसही थांबलेला. आमोण्याचं विचारायचं मी ठरवून बसले होते. ओठावर आलं होतं!

आणि मी काय केलं? आडोशाचा नियम काढला. झाडामागे उभं राहिलेल्यावर फुकटचा वार बसतो की नाही. समजावत सुटले. अर्धा आडोसा, पाऊण आडोसा, भिंत, झुडूप... कागदावर आकृत्या काढल्या. मधे तो म्हणाला, "टीचर—"

"थांब, माझं संपलं नाही," मी म्हटलं, आणि पाऊण आडोसा परत पहिल्यापासून.

तो थांबला. थांबणारच, शहाणा आहे. मग साईशची स्कूटर वाजली.

गाढवीण! गाढवीण! गाढवीण!

२४ सप्टेंबर, बुधवार

भिकाजी आला नाही.

जूनपासून एकदाही चुकला नव्हता. धो धो पावसातसुद्धा पाय ओले करत आला होता. ऋतिकाने आनंदीला फोन लावला. उत्तर आलं — "आमोण्याक गेलो तो." एवढंच. आणि फोन ठेवला तिने.

म्हणजे बघून आला. पसंती झाली. चांगलंच आहे. मी साईशच्या बैराग्यावर सात राक्षस सोडले. "टीचर, म्हजें कितें चुकलें?" म्हणाला बिचारा.

२५ सप्टेंबर

गोरी आहे म्हणे आमोण्याची. असू दे!

१ ऑक्टोबर, बुधवार

आला! आला आणि काही बोलला नाही. आमोण्याचं अक्षर नाही. शर्ट इस्त्रीचा. केस कापलेले. कुणासाठी ते उघडच आहे.

पिसो भट आज सगळ्यात मोठ्या राक्षसासमोरून निघाला — पाठ फिरवून, नेहमीसारखा, श्वास धरून बोलायचंही विसरून. फुकटचा वार माझाच होता. मी त्याच्या कापलेल्या केसांकडे बघत होते. कानामागे थोडे पांढरे आहेत, पूर्वी दिसत नव्हते. ऋतिकाने फासा उचलला.

साईश: "टीचर! तुमचो वार?"

"गेला," मी म्हटलं. "वेळेवर म्हटलं नाही."

भिकाजी माझ्याकडे बघत राहिला. राक्षस सोडून देतो म्हणजे काय, हे कुणालाच कळलं नाही.

भांडी घासताना ऋतिका म्हणाली, "आत्ये, तो नियम विसरना गो. पन्नास आख्यानां तोंडपाठ आसात त्याका, आनी तुजो एक नियम विसरता? मुद्दाम करता."

म्हटलं, चल, काहीतरीच. मोठी शहाणी. मुद्दाम कशाला मरेल कुणी?

पण घासलेली ताटं परत घासली मी.

५ ऑक्टोबर, रविवार

आनंदी गाड्यावर तोंड फुगवून बसली आहे. भावाचं नाव काढलं तर कढईत झारा आपटते. "तेका इचार," म्हणाली. लग्नघरात असंच असतं, मानपानावरून रुसवे. भिकाजी दहा पावलांवर कांदा चिरत होता. हात हलवला मला. डोळ्यात पाणी, कांद्याचं.

मीपण हलवला. दोन्ही हात! बाजारात! आठवीची दोन मुलं बघत होती.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज चौघंही वेडे झालो होतो. साईशच्या बैराग्याने चुकून ऋतिकाच्या तिरंदाजबाईला ढकललं, ती तीन राक्षसांच्या टप्प्यातून गडगडत गेली. तिघांनाही वार! — असं साईशच म्हणाला, स्वतःच्याच मैत्रिणीवर! मी म्हटलं, नाही. ढकललेल्यावर वार नाही. जो स्वतःच्या पायाने जातो त्याच्यावरच.

भिकाजी म्हणाला, "म्हणजे कोणी ढकलून धाडलो तर तो गेलो असा धरूचा नाय?"

"नाही."

"बरो नियम आसा," म्हणाला. आणि हसला. त्या हसण्याने मला दोन तास काही सुचलं नाही. आनंदीच ढकलतेय त्याला आमोण्याला, असं तर नव्हतं सांगायचं? की मीच आपली कशातून काहीही काढतेय? बारावीच्या मुलींना याच्यावरून बोलते मी!

१३ ऑक्टोबर

ठरलं. मी विचारणार. लोक काय म्हणतील ते म्हणोत, शाळा म्हणो, मस्कत म्हणो. तुळशीच्या लग्नाआधी. तोंडाने, स्पष्ट.

१५ ऑक्टोबर, बुधवार

नाही विचारलं.

२० ऑक्टोबर, दिवाळी

पहाटे वाड्यावरच्या पोरांनी नरकासुर जाळला. कारीट फोडलं, कडू जिभेला लावलं, न्हाऊन फोव, म्हणजे पोहे, केले — ताकातले, गुळाचे, बटाट्याचे, नारळाच्या रोसातले, दुधातले. एवढे प्रकार दोघींना कशाला, असं ऋतिकाने विचारलं नाही. नुसती हसत बसली.

नऊ वाजता भिकाजी दारात! धुतलेलं धोतर, हातात झेंडूची माळ. "फोव खाऊक इलंय," म्हणाला. बिनबोलावता! आमच्याकडे दिवाळीला बोलवावं लागतच नाही, हे खरं, पण डिचोली ते मये वाटेत चाळीस घरं आहेत.

पाचही प्रकार वाढले. तो खात होता आणि मी बोलत होते. रोस पातळ झाला का, गूळ कुठला, नरकासुराची मिशी यंदा वाकडी होती, शाळेची सुट्टी, ऋतिकाची रात्रपाळी, शेवटच्या लढाईत राक्षसांची राणी असणार, तिचे हात चार, म्हणजे टप्पा दुप्पट, म्हणजे...

"टीचर, माका एक सांगूचा होता."

"आधी खा! थंड होतात," मी म्हटलं आणि गुळाचे आणखी वाढले.

मग तो गेला. माळ दारावर लावून गेला. मी अजून दारात जाऊन येऊन बघतेय. आज मला सगळं आवडतंय! शेजाऱ्यांचा लाऊडस्पीकरसुद्धा!

काय सांगायचं होतं त्याला? लग्नाची तारीख असेल. असू दे. मी आज ऐकलं नाही म्हणजे आज ती नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

उद्या शेवटचा बुधवार. रविवारी तुळशीचं लग्न, सोमवारी त्याची कंपनी मोरजीला, पहिलं नाटक. त्यानंतर मे महिन्यापर्यंत कुठे पकडणार त्याला!



२९ ऑक्टोबर, बुधवार

झालं!! झालं झालं झालं!!

आता नीट लिहिते. क्रमाने लिही, जानकी.

राणी कोपऱ्यात, चार हात, तोंडातून विस्तव. ऋतिकाची तिरंदाजबाई जखमी, साईशचा काढा संपलेला. भिकाजीची पाळी. त्याने पिसो भटाचं बटण उचललं, हातात धरून बसला. म्हणाला, "भटान राणीचो मुकुट चोरलो, तो आता ह्या देशातून चललो. तेका निरोप देवा." आणि एका श्वासात निरोपाचं भाषण सुरू केलं. या वेळी कुत्रे नाहीत, बगळे नाहीत. या सोप्याचं वर्णन केलं. मेजाचं, पावसाचं, नेवऱ्यांचं. "...आणि जय माका परत परत समजावला, कंटाळो न करता, तय आता माझी पाठ आसा..."

श्वास संपत आला. बटण दरवाजाच्या चौकोनाकडे सरकलं. साईशने पुढचा फासा उचलायला हात पुढे केला.

"वार!" मी ओरडले.

तिघं दचकले. साईश म्हणाला, "टीचर, राणी थंय कोनशांत आसा. टप्प्यात खंय येता?"

"राणीचा नाही. माझा!"

उभी राहिले होते मी. कधी ते आठवत नाही. आणि बोलले. सगळं एका दमात. "भिकाजी, आमोण्याला जाऊ नकोस. ती बाई चांगली असेल, नक्की असेल, मी तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही, पण जाऊ नकोस. मला नारळ आहेत — नाही, ते सोड. मला तू हवा आहेस. तू नाटकाला जा, सहा महिने जा, पहाटे तोंडाला रंग तसाच घेऊन ये, मी चहा ठेवीन. शाळेत जायच्या आधी ठेवीन. लग्न करशील का माझ्याशी?"

साईशच्या हातातली मिरचीभजी अर्धी तोंडात, अर्धी बाहेर. ऋतिकाने दोन्ही हातांनी तोंड दाबलेलं.

आणि भिकाजी गप्प! एका श्वासात तुळशीला फेरी मारणारा माणूस गप्प! मला वाटलं, मेले. आता जमीन फाटेल तर बरं.

मग तो हळूच म्हणाला, "टीचर, संपला तुमचा बोलणा?"

"संपलं."

"खरांच संपला? पुढे काय नाय?"

"नाही म्हटलं ना!"

"मगे आता माझी पाळी." त्याने बटण मेजावर ठेवलं. "मी दशावतारी माणूस. समोरच्याचा बोलणा पुरा झाल्याशिवाय तोंड उघडूची माका सवय नाय. बापाशीन मारून मारून शिकयलेला. जूनपासून मी तुमचा बोलणा संपूची वाट बघतंय. तुमी थांबतासच नाय! आडोशार एक तास, फोवांर एक तास. मी घुसू खय?"

ऋतिका खाली बसली, जमिनीवरच, हसून.

"मग आता बोल की!" मी ओरडले. रडत होते बहुतेक.

"होय," म्हणाला. "होय गो, जानकी."

टीचर नाही म्हणाला. जानकी म्हणाला.

साईश, देव त्याचं भलं करो, नाक पुसत म्हणाला, "टीचर, पूण फासो मारूंक ना तुमी. वार लागलो काय ना तें कशें कळटलें?" आणि वीस बाजूंचा फासा माझ्यापुढे केला. भिकाजीने त्याच्यावर आपला हात ठेवला.

"फासो नको. लागलो."

३० ऑक्टोबर

शेवटच्या क्षणी पकडला मी त्याला! आमोण्याच्या वाटेवरून ओढून आणला! याला म्हणतात वेळेवर घेतलेली संधी. नववी ब ला आज गृहपाठ माफ.

३१ ऑक्टोबर

मस्कतला फोन केला. भाऊ आधी ओरडला, मग वहिनीने फोन हिसकावला. शेवटी दोघं रडत होते आणि मी त्यांना समजावत होते. राक्षसपार्ट म्हणजे काय, इथून सुरुवात.

२ नोव्हेंबर, रविवार. तुळशीचं लग्न

आनंदी ऊस आणि आवळे घेऊन आली. महिनाभराचा फुगवटा उतरलेला. मला मिठी मारली आणि म्हणाली, "आता सांगतंय. त्या बुधवारी तो आमोण्याक गेलो ना, तो नाय म्हणूक गेलो. म्हणालो, माझा मन दुसरेकडे आसा. तेणी इचारल्यानी, तिणा होय म्हटला? तर ह्यो म्हणता, अजून माका इचारूक नाय जमला, आणि ती काय म्हणात ता माका म्हायत नाय. म्हणान मी तेच्याशी बोलणा टाकलेला. इतक्या बरा स्थळ, आणि हातात काय नसताना!"

हातात काय नसताना. मी त्याच्या आठवडाभर आधी पाऊण आडोसा समजावत होते त्याला.

म्हणजे बुधवारी मी "वार!" म्हणून ओरडले तेव्हा तो कुठेच चालला नव्हता. महिनाभर आधीच थांबून बसला होता. नियमाने माझा वार बसतच नाही.

साईशला हे मुळीच सांगायचं नाही.